कोळसा खाणीच्या पाणी-अहवालाची छाननी: मर्यादेचा तक्ता शेवटी उघडा

खाणीचा तिमाही पाणी-अहवाल टेबलावर आला की बहुतेकांचा हात आधी मर्यादेच्या तक्त्याकडे जातो. पीएच (पाणी किती आम्ल) बसला, टीएसएस (पाण्यात तरंगणारा गाळ) बसला, लोह बसले. सही, शिक्का, फाइल कपाटात. गोची अशी की चुकलेला आकडा मर्यादेच्या आत असेल तर त्याच्यावर कोणाचीच नजर थांबत नाही. नमुना भलत्याच ठिकाणचा असेल, बाटली दहा दिवस कोपऱ्यात पडून राहिली असेल, दशांशचिन्ह एक घर सरकले असेल, तरी तक्त्यापुढे बरोबरची खूण पडते.

म्हणून क्रम उलटा ठेवा. जे नमुने यायला हवे होते ते आले का, ठरलेल्या जागचेच आहेत का, आकड्यांवर विसंबता येते का, ते काय सांगतात, आणि मग मर्यादा. छाननी करणाऱ्याइतकाच हा क्रम खाणीत अहवाल तयार करणाऱ्याच्याही कामाचा आहे. पुढे पत्रातून येणारे प्रश्न त्याला आधीच दिसतात.

## पूर्वतयारी: टेबलावर काय हवे

- परवानगीच्या अटी आणि मंजूर देखरेख आराखडा, शेवटच्या दुरुस्तीसह. जुनी प्रत धरून केलेली छाननी पुन्हा करावी लागते.
- नमुना-स्थानांचा नकाशा आणि खाणीची सध्याची हद्द दाखवणारा नकाशा, दोन्ही.
- प्रयोगशाळेचे मूळ अहवाल. खाणीने टाइप केलेला गोषवारा याऐवजी चालत नाही.
- फील्ड शीट, नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची हस्तांतरण नोंद, मीटरच्या कॅलिब्रेशनची वही.
- त्या काळातला रोजचा पाऊस आणि उपसा-पंपांचे लॉगबुक.
- मागच्या किमान दोन-तीन वर्षांचे आकडे, आलेख काढता येतील अशा स्वरूपात.
- मागच्या छाननीचे पत्र आणि त्याला आलेले उत्तर.

पावसाची नोंद दुसरीकडूनही मिळते, तिच्यासाठी अडून बसू नका. मूळ अहवाल किंवा फील्ड शीट नसेल तर मात्र कामाला हात लावू नका, आधी मागवून घ्या. "तोवर आकडे पाहून ठेवू" म्हणून सुरुवात केली की मत बनते, आणि कागद आल्यावर ते बदलणे जड जाते.

## टप्पा १: काय यायला हवे होते, त्याची चौकट

आराखडा समोर ठेवून कोरा तक्ता आखा. उभ्या बाजूला नमुना-स्थाने, आडव्या बाजूला तारखा, प्रत्येक घरात त्या खेपेला तपासायचे घटक. हा तक्ता अहवालावरून बनवू नका. अहवालात जे नाही ते अहवाल बघून कसे कळणार?

कमीत कमी कोणते घटक हवेत ते स्थानिक नियम आणि परवानगी ठरवतात. नमुन्यादाखल, अमेरिकेच्या कोळसा खाण नियमांत भूजलासाठी दर तिमाहीला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किंवा विद्युतवाहकता, पीएच, एकूण लोह, एकूण मँगनीज आणि पाण्याची पातळी हा किमान संच आहे. वाहत्या पाण्यासाठी टीएसएस आणि प्रवाहाचे मोजमापही लागते. प्रवाह हा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा सापडतो. तो का महत्त्वाचा, ते टप्पा ६ मध्ये येईलच.

आता प्रत्येक घरात चारपैकी एक शेरा भरा: घेतला, कोरडे होते, पोहोचता आले नाही, राहून गेला. हे चार शेरे एका "उपलब्ध नाही" खाली गोळा करू देऊ नका. कोरडा ओढा ही माहिती आहे, राहून गेलेला नमुना ही चूक आहे.

सावध: "कोरडे" हा शेरा स्वस्तात पडतो. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यातला पाऊस पाहा. खाणीचे पाणी त्याच ओढ्यात सोडले जात असेल तर पंपाचे लॉगबुक पाहा. पंप सोळा तास चालला आणि विसर्गाच्या लगेच खालचा ओढा कोरडा, असे असेल तर तारखेचा फोटो मागा. पाणी वाटेत जमिनीत मुरलेही असेल, पण ते खाणीने लिहून द्यायला हवे.

## टप्पा २: नमुना त्याच जागचा आहे का

खाण जागेवर थांबत नाही. तीन वर्षांपूर्वी "वरच्या बाजूचा" म्हणून ठरलेला बिंदू आज ओबी डंपच्या (कोळशावरून काढलेल्या माती-खडकाच्या ढिगाऱ्याच्या) पायथ्याशी असू शकतो. मग वरचे आणि खालचे पाणी सारखेच दिसते, आणि अहवाल खुशाल म्हणतो की खाणीचा परिणाम नाही. नकाशे एकमेकांवर ठेवून पाहा. फील्ड शीटवरचे अक्षांश-रेखांश आराखड्याशी जुळवा. नुसते नाव जुळणे पुरेसे नाही. नावे कागदावर टिकतात आणि बिंदू शेताच्या बांधापलीकडे सरकतो.

निरीक्षण विहिरींचे (भूजल तपासायला घेतलेल्या, पाइप घातलेल्या विहिरींचे) दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला, ही विहीर कोणत्या थरातले पाणी देते? पाणी आत घेणारा जाळीचा भाग किती खोलीपासून किती खोलीपर्यंत आहे ते बांधकाम-नोंदीत असते. उथळ मुरुमातले पाणी आणि कोळशाच्या थरातले पाणी यांची तुलना करून काढलेला निष्कर्ष वाऱ्यावरचा. दुसरा प्रश्न, पातळी कुठून मोजली? केसिंगचा (विहिरीच्या अस्तराचा) पाइप जमिनीच्या ६० सेंमी वर असेल, आणि एका तिमाहीत पाइपच्या तोंडापासून तर दुसऱ्या तिमाहीत जमिनीपासून मोजले, तर पाण्याची पातळी कागदावर ६० सेंमी हलते. विहिरीत काहीच झालेले नसते. सगळ्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलून घ्या, घोळ लगेच दिसतो.

## टप्पा ३: बाटलीचा प्रवास

हा टप्पा कंटाळवाणा आहे हे कबूल. पण आकडे बाद होतात ते बहुधा इथेच.

निरीक्षण विहिरीपासून सुरुवात करा. पाइपात साचून राहिलेले पाणी थराचे प्रतिनिधित्व करत नाही, म्हणून नमुन्याआधी ते उपसून टाकावे लागते. रूढ पद्धतीत पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट उपसा करतात आणि पीएच व विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबतात. हिशेब सोपा आहे. ५० मिमी आतील व्यासाच्या पाइपात दर मीटरला जवळपास २ लिटर पाणी मावते. पाण्याचा स्तंभ १२ मीटर असेल तर एका भराला सुमारे २४ लिटर, तिप्पट म्हणजे ७० लिटरच्या वर. फील्ड शीटवर "उपसा: १० लिटर" असेल तर तो नमुना पाइपाचा आहे. कमी उपशाची मान्य पद्धत वापरली असेल तर तसे लिहिलेले हवे, आणि स्थिर झालेले वाचनही.

मग तारखा. नमुना घेतल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत चाचणी झाल्याची वेळ यांतले अंतर प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र काढा. रूढ कालमर्यादा अशा:

- पीएच: १५ मिनिटे. थोडक्यात, जागेवरच.
- नायट्रेट, परिरक्षक (नमुना टिकवणारे रसायन) न घालता: ४८ तास.
- टीएसएस आणि टीडीएस: ७ दिवस.
- अल्कता (पाण्याची आम्ल मारण्याची क्षमता): १४ दिवस.
- सल्फेट: २८ दिवस.
- बहुतेक धातू, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून: ६ महिने.

धातू सोडून बाकीच्या बाटल्या ६ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली थंड ठेवायच्या असतात. प्रयोगशाळेने पेटी उघडताना तापमान नोंदवले आहे का ते बघा. तेल-ग्रीसचा नमुना काचेच्या बाटलीत थेट घ्यायचा असतो, आधी त्याच पाण्याने बाटली विसळायची नाही. तेल काचेला चिकटून राहते आणि आकडा फसवा येतो.

पीएचबद्दल थोडे जास्त, कारण खाणीच्या पाण्यात तो बाटलीतही बदलत राहतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो तसा पीएच चढतो. पाण्यात फेरस लोह असेल तर हवेशी संपर्क येऊन ते गंजाच्या रंगाचा गाळ बनते, त्या प्रक्रियेत आम्ल सुटते आणि पीएच उतरतो. दोन्ही एकाच बाटलीत चालू असते. तीन दिवसांनी प्रयोगशाळेत आलेला पीएच ६.८ खाणीच्या तोंडाशी काय होते ते सांगत नाही. छाननीत जागेवरचाच पीएच धरा, आणि त्या सकाळी मीटर बफरने (ठाऊक पीएचच्या द्रावणाने) तपासला होता याची नोंद शोधा.

सावध: विरघळलेल्या धातूंसाठी पाणी जागेवर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग आम्ल घालतात. आधी आम्ल घातले तर गाळातले लोहही विरघळते आणि "विरघळलेले" म्हणून मोजले जाते. फील्ड शीटवर गाळणीचा उल्लेखच नसेल तर तो रकाना वापरू नका.

## टप्पा ४: प्रयोगशाळेचा कागद

इथे तीन गोष्टी पाहून पुढे सरका.

एकक आणि स्वरूप. नायट्रेट हे "नायट्रेट" म्हणून दिले आहे की "नायट्रेट-नायट्रोजन" म्हणून? दोन्हींत ४.४३ पटींचा फरक पडतो, ४५ मिग्रॅ/लि. नायट्रेट म्हणजे साधारण १० मिग्रॅ/लि. नायट्रोजन. स्फोटकांतले अमोनियम नायट्रेट पाण्यात उतरत असल्याने खाणीत हा घटक टाळता येत नाही, आणि नेमका तिथेच हा गोंधळ होतो. अल्कतेचेही तसेच: कॅल्शियम कार्बोनेट म्हणून की बायकार्बोनेट म्हणून? तिथे गुणक १.२२.

शोधमर्यादा. मर्यादा ०.०१ आणि पद्धतीची शोधमर्यादा (तिला ओळखता येणारे किमान प्रमाण) ०.०५ असेल तर "आढळले नाही" या शेऱ्याला काडीची किंमत नाही. खाणीच्या तक्त्यात त्याच जागी शून्य टाइप केलेले असते, म्हणूनच मूळ कागद लागतो.

गुणवत्ता-नियंत्रणाचे नमुने. कोरा नमुना (शुद्ध पाण्याची बाटली) स्वच्छ आला का, आणि जोडनमुन्याचे (एकाच जागी, एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्यांचे) दोन आकडे जवळजवळ आहेत का? पाण्यासाठी २०% पर्यंतचा फरक सहसा चालवून घेतात. जोडनमुने वर्षभर दशांशापर्यंत तंतोतंत सारखे येत असतील तर आनंदू नका, विचारा.

## टप्पा ५: आकडे एकमेकांशी जुळतात का

पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते. त्यातल्या धन आयनांची बेरीज ऋण आयनांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. दहा मिनिटांची ही बेरीज जेवढ्या चुका पकडते तेवढ्या दुसरी कुठलीच तपासणी पकडत नाही, तरी ती क्वचितच केली जाते.

एक नमुना घेऊ. आकडे मिग्रॅ/लि. मध्ये: कॅल्शियम १२०, मॅग्नेशियम ६०, सोडियम ४६, पोटॅशियम ८, अल्कता (कॅल्शियम कार्बोनेट म्हणून) २५०, सल्फेट ३४०, क्लोराइड ३५. प्रत्येकाला त्याच्या सममूल्यभाराने (आयनाचे वजन भागिले त्यावरचा विद्युतभार) भागा, म्हणजे मिलीसममूल्ये मिळतात.

धन बाजू: १२० ÷ २०.०४ = ५.९९, ६० ÷ १२.१५ = ४.९४, ४६ ÷ २२.९९ = २.००, ८ ÷ ३९.१ = ०.२०. बेरीज १३.१३.

ऋण बाजू: २५० ÷ ५० = ५.००, ३४० ÷ ४८.०३ = ७.०८, ३५ ÷ ३५.४५ = ०.९९. बेरीज १३.०७.

फरक ०.०६, एकूण बेरीज २६.२०, तफावत ०.२%. उत्तम. आता समजा टाइप करणाऱ्याने सल्फेट ३४.० लिहिले. ऋण बाजू ६.७० वर येते आणि तफावत ३२% च्या पुढे जाते. मर्यादेच्या तक्त्यात मात्र ३४ हा आकडा ३४० पेक्षा छान दिसला असता. सर्वसाधारणपणे ५% पर्यंतची तफावत चालते. त्यापुढे गेली की मूळ कागद पुन्हा काढा.

दोन अपवाद ध्यानात असू द्या. पीएच साडेचारच्या खाली असेल तर लोह, अॅल्युमिनियम, मँगनीज आणि हायड्रोजन आयनही बेरजेत घ्यावे लागतात, नाहीतर चांगला नमुनाही बाद ठरेल. आणि प्रत्येक नमुन्याची तफावत ०.०% येत असेल, तर सोडियम मोजलेले नाही, उरलेल्या फरकातून भरलेले आहे असा संशय घ्या.

जोडीला या झटपट तपासण्या:

- टीडीएस भागिले विद्युतवाहकता हे प्रमाण बहुधा ०.५५ ते ०.७ मध्ये येते. वरच्या नमुन्याचा टीडीएस आकडेमोडीने सुमारे ७६० येतो. वाहकता १२०० मायक्रोसीमेन्स असेल तर प्रमाण ०.६३. सल्फेटचे पाणी थोडे वर जाऊ शकते.
- विरघळलेले लोह एकूण लोहापेक्षा जास्त असूच शकत नाही. किरकोळ फरक मोजमापाचा. दुप्पट असेल तर बाटल्यांची अदलाबदल.
- टीएसएस ४ आणि एकूण लोह १२, पीएच ७.५, पाणी हवेशी खेळते: हे गणित बसत नाही. उदासीन, हवेशीर पाण्यात एवढे लोह गाळाच्या रूपातच असते.

ताळा: इथे अडकलेले नमुने वेगळ्या रंगाने रंगवा आणि पुढच्या टप्प्यात आलेखावर दाखवा, पण निष्कर्षात धरू नका. पुसून टाकू नका.

## टप्पा ६: आकडे काय सांगतात

आता आलेख. प्रत्येक स्थानाचा त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी आणि ऋतू धरून. पावसाळ्यातले पाणी मागच्या उन्हाळ्याशी ताडून "सुधारणा" लिहिलेले अहवाल मी इतके पाहिले आहेत की आता तो शब्द दिसला की आधी महिना बघतो.

कोळसा खाणीत सर्वांत आधी सल्फेटवर डोळा ठेवा. पायराइटचे (कोळशासोबत सापडणाऱ्या लोह-गंधक खनिजाचे) ऑक्सिडीकरण सुरू झाले की आम्ल आणि सल्फेट दोन्ही तयार होतात. आसपासच्या खडकात चुना असेल तर आम्ल जागच्या जागी मारले जाते, पीएच वर्षानुवर्षे ७ च्या वर राहतो. सल्फेट मात्र लपत नाही. सल्फेट चढते, पाठोपाठ कॅल्शियम-मॅग्नेशियम चढतात, अल्कता हळूहळू खाली येते. पीएच ढळतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोवर हातात फारसे काही उरलेले नसते.

वरचा बिंदू आणि खालचा बिंदू एकाच दिवशी घेतलेले असतील तरच त्यांची वजाबाकी करा.

आणि भार काढा, नुसती तीव्रता पाहू नका. मिग्रॅ/लि. ला लिटर/सेकंदाने गुणा, मग ०.०८६४ ने, दिवसाचे किलो मिळतात. जानेवारीत सल्फेट ४०० आणि प्रवाह २५ लिटर/सेकंद: दिवसाला ८६४ किलो. ऑगस्टमध्ये सल्फेट २५० वर उतरले, प्रवाह ८०: दिवसाला १७२८ किलो. तीव्रता घटली, खाणीतून बाहेर पडणारे सल्फेट दुप्पट झाले.

प्रवाहाचा आकडा कसा आला हेही विचारा. ९० अंशाच्या व्ही-नॉचवर (प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर) २० सेंमी पाणी म्हणजे साधारण २५ लिटर/सेकंद. २२ सेंमी म्हणजे ३१. नॉचमध्ये अडकलेला पालापाचोळा दोन सेंमीचा फरक सहज पाडतो. "अंदाजे" लिहिलेला प्रवाह ठेवा, पण भाराच्या आलेखात त्याला वेगळी खूण द्या.

## टप्पा ७: आता मर्यादा

इथवर टिकलेल्या आकड्यांपुढेच मर्यादा लावा. इथल्या चुका ठरलेल्या आहेत.

चुकीचे मानक लावणे ही पहिली. खाणीतून सोडलेल्या पाण्याला पिण्याच्या पाण्याचे मानक आणि गावच्या विहिरीला सांडपाण्याचे, अशी उलटापालट होते. गावच्या विहिरीला सांडपाण्याचे मानक लावल्याने खाणीचा फायदा होतो, म्हणून ती जास्त वेळा दिसते असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण बहुधा जुन्या फाइलवरून केलेली नक्कल हे असते.

सरासरी आणि कमाल यांत गल्लत ही दुसरी. अमेरिकेत नव्या कोळसा खाणींच्या विसर्गासाठी टीएसएसची एका दिवसाची कमाल ७० आणि तीस दिवसांची सरासरी ३५ मिग्रॅ/लि. आहे; एकूण लोहाची ६ आणि ३. महिन्यात एकच नमुना ५० चा असेल तर कमाल पाळली, सरासरी नाही. भारतात कोळसा खाणींच्या सांडपाण्याच्या मानकांत टीएसएस १०० मिग्रॅ/लि. आणि पीएच ५.५ ते ९ आहे. परवानगीत याहून कडक अट असेल तर तीच धरायची.

तिसरी, सेटलिंग टाकीच्या (गाळ खाली बसू देणाऱ्या टाकीच्या) मधोमध घेतलेला नमुना विसर्गाचा म्हणून चालवणे. मर्यादा जिथे पाणी हद्दीबाहेर पडते तिथे लागते. आणि मुसळधार पावसाची सूट मागितली असेल तर किती तासांत किती पाऊस ही अट वाचा, रोजच्या पावसाची नोंद लावा, मगच द्या.

## टप्पा ८: पत्र लिहिताना

निष्कर्षांच्या तीन रांगा करा: अटीचा भंग, माहितीतील त्रुटी, निरीक्षण. राहून गेलेला नमुना पहिल्या रांगेत, न सापडलेले फील्ड शीट दुसऱ्या, चढते सल्फेट तिसऱ्या रांगेत. तिसरी रांग गाळू नका. मर्यादेच्या आत असलेली चढण आज लिहून ठेवली नाही तर तीन वर्षांनी "आधी कळवले नव्हते" असे उत्तर येते.

प्रत्येक मुद्द्यात स्थान, तारीख, घटक, आकडा, कोणती अट, काय हवे आणि किती तारखेपर्यंत हे सगळे असावे. "पाण्याच्या गुणवत्तेकडे लक्ष द्यावे" या वाक्याला उत्तर म्हणून "लक्ष देण्यात येईल" एवढेच येते.

उत्तरात बहुधा पुनर्तपासणीचा अहवाल येतो: नवा नमुना, सगळे ठीक. तो नवा नमुना नव्या दिवसाचा आहे, जुन्या दिवसाचा खुलासा नाही. जुना आकडा तक्त्यात तसाच ठेवा, शेजारी नवा लिहा, आणि प्रयोगशाळेने लेखी चूक मान्य केली असेल तरच जुन्यापुढे "बाद" लिहून त्या पत्राचा क्रमांक टाका. पुढच्या तिमाहीची कोरी चौकट आखताना हे अनुत्तरित मुद्दे पहिल्या ओळींत घ्या.